कापसाचा भाव, रॅमचा भाव

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी तुमच्याशी संगणकाविषयी बोलणार आहे, हे ऐकून माझ्या ओळखीच्या काही मंडळींना हसू येईल. मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी वाङ्मय घेऊन. घरात दखनी बोलायची, अंगणात वऱ्हाडी आणि वहीत मराठी लिहायचं, अशी माझी सगळी हयात गेली. संगणकाच्या पोटात काय असतं, हे परवापरवापर्यंत मला ठाऊक नव्हतं, ठाऊक करून घ्यायची गरजही पडली नव्हती. पण गरज माणसाला शिकवते. ती मला कशी शिकवून गेली, ते सांगतो.

माझी भाची अकोल्याला असते. जुन्या शहरात तिचं एक छोटं केंद्र आहे. झेरॉक्स काढणं, लग्नपत्रिका आणि हँडबिलं यांचं डीटीपी करणं आणि मुख्य म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणं, हे तिचं काम. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, शेतकऱ्यांचा पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, कॉलेजचा प्रवेश, सगळं तिथे होतं. २०२५ च्या हिवाळ्यात लाडक्या बहिणींचं ई-केवायसी सुरू होतं, तेव्हा तिच्या दारापुढे सकाळपासून बायांची रांग असायची. तिच्याकडे तीन संगणक. तिन्ही सेकंडहँड घेतलेले, तिन्हींमध्ये चार-चार जीबी रॅम. एक ती स्वतः चालवते, दुसऱ्यावर एक मुलगा बसतो. तिसरा बराचसा आजारीच असतो. त्याच्या जागी नवा संगणक घ्यावा आणि मोहल्ल्यातल्या एका बी.कॉम. झालेल्या मुलीला तिथे बसवावं, असं तिच्या मनात होतं. त्या मुलीला शब्दही देऊन ठेवला होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये तिने दुकानातून कोटेशन आणलं. बचत गटाकडे कर्जाचा अर्ज केला. बचत गटाचं काम सावकाश चालतं, पण होतं. जानेवारी २०२६ मध्ये पैसे हातात आले. भाचीने मला अमरावतीला फोन केला. म्हणाली, ‘‘मामू, हे लोक म्हणतात की जुन्या भावात आता देणार नाही. तुमच्याकडचा तो दुकानदार ओळखीचा आहे ना, जरा विचारून पाहा.’’

मी गेलो. हा दुकानदार माझ्या कवितासंग्रहाचा मजकूर एकेकाळी स्वतः टाईप करत असे. आता त्याचं संगणकाचं दुकान आहे. मी कोटेशनचा कागद पुढे ठेवला. त्याने तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

‘‘सर, हे कागद आता फ्रेम करून ठेवा,’’ तो म्हणाला. ‘‘आठ जीबीची पट्टी मी दिवाळीच्या आधी दोन हजारांच्या आत इकत होतो. आज पाच हजार सांगतो. उद्या काय सांगीन, मलेच माहीत नाही. सकायचा भाव संध्याकायले राह्यत नाही.’’

‘‘काहून बा?’’ मी विचारलं.

‘‘तुमी ते एआय-एआय करता ना, तेच सारं गिळून राह्यलं.’’

मी म्हटलं, ‘‘मी कुठं करतो?’’ पण म्हणताना माझी जीभ जरा अडखळली. कारण चारच दिवसांपूर्वी नातवाच्या मोबाइलवर मी त्या एआयला कपाशीवर कविता करायला सांगितलं होतं. त्याने अर्ध्या मिनिटात केली. त्यात शेत सोनेरी होतं, वारा मंद होता, बोंडअळी मात्र नव्हती. आम्ही खूप हसलो होतो. त्या हसण्याचं बिल असं कुठेतरी फाटत असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

दुकानदाराने सांगितलेली सोळा जीबीच्या नव्या पट्टीची किंमत ऐकून मी मनातल्या मनात हिशेब केला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला सरकारी हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एक क्विंटल कापूस हमीभावाने विकला, तरी बोटाएवढ्या लांबीची एक पट्टी येत नव्हती. आपल्याकडे कुठलीही वस्तू महाग झाली, की माणूस ती कापसात मोजतो. मीही मोजली. आणि मोजता मोजता मला एक जुनी गोष्ट आठवली. ती पुढे सांगतो. आधी ही रॅम म्हणजे काय आणि तिला गिळणारा कोण, ते पाहू. मला जे समजलं, ते माझ्याच भाषेत सांगतो. जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्या घरात धान्याची कोठी असते आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर परात असते. कोठीत वर्षाचं धान्य मावतं, पण भाकरी करायची तर पीठ परातीतच घ्यावं लागतं. संगणकातली हार्ड डिस्क ही कोठी. रॅम ही परात. परात लहान असली, की बाईला दर भाकरीला उठून कोठीकडे जावं लागतं. माझ्या भाचीचा संगणक अर्ज भरताना मध्येच गोल-गोल फिरत राहतो, तो याचमुळे. परात लहान, आणि वेबसाइटी दिवसेंदिवस मोठ्या पंगतीच्या.

त्यात भर पडली दुसऱ्या गोष्टीची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० ची नेहमीची मदत बंद केली. नवं विंडोज-११ घ्यायचं, तर जुने प्रोसेसर त्याला चालत नाहीत. म्हणजे चांगले चालणारे असंख्य संगणक एका तारखेला म्हातारे ठरले. आणखी वर्षभराची सुरक्षेची मुदत घेता येते, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण लोकांनी नवे संगणक घ्यायला सुरुवात केली आणि नेमकं त्याच वेळी परातींचं दुकान दुसऱ्याच कोणीतरी उचलून नेलं.

हा दुसरा कोण? ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आलं. त्यानंतर जगातल्या मोठ्या कंपन्यांमध्ये शर्यत लागली. ही यंत्रं चालवायला जी प्रचंड संगणकघरं लागतात, त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आपल्या नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे या भागात अशी डेटा सेंटरं उभी आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने विशाखापट्टणमला १५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. अशा संगणकघरात एनव्हिडिया कंपनीच्या खास चिपा बसवतात. त्यातल्या ब्लॅकवेल जातीच्या एका चिपेला १९२ जीबीपर्यंत रॅम जोडलेली असते. अशा ७२ चिपा एका कपाटात बसतात. म्हणजे एका कपाटात १३ हजार जीबीहून अधिक रॅम. आठ जीबीच्या हिशेबाने सोळाशेहून जास्त संगणकांची रॅम एका कपाटात गेली. आणि अशी कपाटं एका इमारतीत रांगेने उभी असतात.

गोष्ट इथेच थांबत नाही. या चिपांना लागणारी रॅम साधी नसते. तिचं नाव एचबीएम. साधी रॅम म्हणजे अंगणात पसरून ठेवलेल्या भाकरी म्हणा. एचबीएम म्हणजे भाकरींची चवड. आठ-आठ, बारा-बारा पातळ थर एकावर एक रचायचे आणि त्यांच्या आरपार बारीक भोकं पाडून तारा ओवायच्या. त्यामुळे ती फार वेगाने काम करते. पण ती बनवायला सिलिकॉनच्या चकतीची जागा जास्त खर्ची पडते. मायक्रॉन कंपनीनेच सांगितलं आहे की तेवढीच स्मृती साध्या रॅमच्या रूपात बनवण्यापेक्षा एचबीएमच्या रूपात बनवली, तर सुमारे तिप्पट चकत्या लागतात. म्हणजे एआयसाठी एक परात घडली, की आपल्या-तुपल्यासाठीच्या तीन परातींचं पितळ संपतं.

आता प्रश्न येतो की मग कारखाने वाढवा की. इथे अडचण अशी आहे की जगातली बहुतेक सगळी रॅम तीनच कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. नव्या कारखान्याला अब्जावधी डॉलर लागतात आणि माल बाहेर पडायला काही वर्षं जातात. या कंपन्यांनाही ताक फुंकून प्यायची सवय लागली आहे. कोरोनाच्या काळात मागणी वाढली म्हणून त्यांनी माल वाढवला, मग मागणी पडली आणि २०२३ साली त्यांनी भयंकर तोटा सोसला. त्यांनी उत्पादन कमी केलं. आणि ते कमी असतानाच एआयचा पूर आला.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी बोलणी जाहीर केली. लक्ष्य होतं महिन्याला ९ लाख चकत्यांपर्यंतचं. जगातल्या उत्पादनाचा हा सुमारे ४० टक्के भाग होईल, असा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस एसके हायनिक्सने सांगितलं की २०२६ सालचा आपला माल आधीच बोलला गेला आहे. आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल या नावाने ती जो माल किरकोळ ग्राहकांना विकत असे, तो धंदाच ती बंद करणार. कित्येक वर्षं आपल्या दुकानांतून त्या नावाच्या पट्ट्या मिळायच्या. मोठं गिऱ्हाईक मिळाल्यावर वाण्याने दारावरच्या चिल्लर गिऱ्हाइकाला ‘पुढे जा’ म्हणावं, तसा हा प्रकार झाला. भरीस भर म्हणजे त्याच डिसेंबरात डॉलरने नव्वद रुपयांची वेस ओलांडली. आपल्याकडे रॅम येते ती डॉलर मोजूनच.

दुकानदार म्हणाला, ‘‘सर, लोकायले वाटते मी जुना माल दाबून ठेवला. अन् जुना माल इकला, तर तेवढ्या पैशात नवा भरता येत नाही. मी कमावून राह्यलो की गमावून राह्यलो, ते मलेच समजत नाही.’’

हे वाक्य ऐकलं आणि मला ती जुनी गोष्ट आठवली. आता ती सांगतो.

राजेहो, दूर देशातल्या भानगडीमुळे आपल्या दारातला भाव बदलणं हे वऱ्हाडाला नवं नाही. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत होत्या, त्या उपाशी पडल्या. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. वऱ्हाड १८५३ सालच्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलंच होतं. लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती. आपल्या गावाचं नाव सातासमुद्रापार एका मालाचं नाव झालं होतं.

कापसाचे भाव असे चढले, की शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा कथा त्या काळच्या लिखाणात सापडतात. त्यातलं खरं किती, खोटं किती, तो भाग सोडा. पण पैसा आला होता, हे खरं. मुंबईत त्या पैशावर शेअरांचा सट्टा माजला. प्रेमचंद रायचंद हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. आणि मग १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं. भाव कोसळले, मुंबईतल्या बँका आणि कंपन्या बुडाल्या. चढ्या भावाच्या भरवशावर ज्यांनी सावकाराकडून कर्ज उचललं होतं, त्यांच्या अंगावर कर्ज तेवढं राहिलं. दहा वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याच्या कारणांमध्ये इतिहासकार या कापसाच्या चढउताराचीही गणना करतात.

पण या गोष्टीतलं एक पात्र सहसा कोणी सांगत नाही. ते पात्र म्हणजे इथला विणकर. कापूस वऱ्हाडात पिकत होता, पण लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याएवढी किंमत गावच्या विणकराला देता येईना. समोरच्या शेतात बोंडं फुटलेली आणि याच्या मागावर सूत नाही. हातमागावरच्या किती तरी लोकांचा धंदा त्या वर्षांत मोडला. पुढे १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, १८७० साली खामगावला फाटा गेला. त्याच रुळांवरून कापूस गेला आणि परतीच्या वाटेने गिरणीचं स्वस्त कापड आलं. उरलेले माग त्या कापडापुढे टिकले नाहीत.

आमचं घराणं मूळचं बाळापूरचं. आम्ही मोमीन, म्हणजे विणकर. मी लहान असताना आमच्या जुन्या घरात, मधल्या खोलीच्या जमिनीत एक चौकोनी खड्डा होता. विणकर त्यात पाय सोडून बसायचा, म्हणून त्याला खड्डामाग म्हणतात. माझ्या काळात त्यात कांदे ठेवत असत. मी आजोबांना विचारलं होतं, की दादा, हा खड्डा कशासाठी? ते म्हणाले होते, ‘‘यहाँ अपना रोज़गार था, बेटा.’’ तेवढंच. पुढे घराला फरशी बसवली, तेव्हा तो खड्डा बुजवला.

आता कोणी म्हणेल, कविमहाशय, तुम्ही कुठला कापूस कुठल्या रॅमला जोडता! कापूस आपण पिकवतो, रॅम आपण पिकवत नाही. अगदी बरोबर. म्हणूनच आपली अवस्था त्या विणकरापेक्षाही नाजूक आहे. त्याच्या डोळ्यांसमोर निदान शेत तरी होतं. गुजरातेत साणंदला मायक्रॉनच्या कारखान्याची पायाभरणी सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. पण त्याचं काम आहे चकत्या बाहेरून आणून चिपा कापणं, बांधणं आणि तपासणं. चकती तिथे घडत नाही. धोलेऱ्याला टाटांच्या मोठ्या कारखान्याचा पाया मार्च २०२४ मध्ये घातला गेला. तो चकत्या घडवण्यासाठी आहे, पण रॅमच्या चकत्या नव्हे. या गोष्टी चांगल्याच आहेत, त्या व्हायलाच हव्यात. पण आज माझ्या भाचीची परात त्यांनी भरत नाही.

दुसरं कोणी म्हणेल, भाव काय, चढतात तसे उतरतात. तेही खरं आहे. जुलै १९९३ मध्ये जपानात निहामा इथे एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपा बंद करायला लागणारा राळेसारखा पदार्थ तिथे बनायचा. तेवढ्याने रॅमचे भाव भडकले होते. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला, तेव्हाही भडकले. २०११ साली थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क महागल्या. प्रत्येक वेळी काही काळाने भाव खाली आले. पण त्या सगळ्या आपत्ती होत्या. स्फोट विझतो, पूर ओसरतो. या वेळी पूर आला आहे तो भुकेचा. खाणाऱ्याच्या खिशात पैसा आहे आणि त्याचं पोट किती मोठं आहे, हे त्यालाही माहीत नाही. नवे कारखाने बांधले जात आहेत, पण त्यांचा माल बाजारात येऊन फरक पडायला २०२७ किंवा त्याहून पुढचं साल उजाडेल, असं जाणकार सांगतात.

मी एआयचा शत्रू नाही. डॉक्टरला एक्स-रे वाचायला त्याची मदत होत असेल, शेतकऱ्याला त्याच्या बोलीत कीटकनाशकाची माहिती मिळत असेल, तर मला आनंदच आहे. सरकारनेही मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनला १० हजार ३०० कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. ३८ हजारांहून अधिक मोठ्या चिपा जमवून त्या संशोधकांना आणि नव्या उद्योगांना तासाला सुमारे ६५ रुपये अशा सवलतीच्या दराने देण्याची व्यवस्था केली. ही चांगली गोष्ट झाली. माझं म्हणणं एवढंच आहे की जो विचार मोठ्या चिपेसाठी सुचला, तो चार जीबीच्या संगणकासाठीही सुचावा.

कारण पाहा. आज गरिबाचं एकही काम कागदावर होत नाही. विमा ऑनलाइन, शिष्यवृत्ती ऑनलाइन, सातबारा ऑनलाइन, पीक पाहणी मोबाइलवर. सरकारने लोकांना सांगितलं, की संगणकाकडे जा. लोक गेले. आणि आता तो संगणकच त्यांच्या गावच्या केंद्राला परवडेनासा झाला. शाळा-कॉलेजांचं तेच. संगणक-खरेदीची रक्कम वर्षाच्या सुरुवातीला ठरते. भाव वाढला, की रक्कम वाढत नाही, संगणक कमी होतात. वीस यायचे तिथे बारा येतात आणि एका संगणकापुढे तीन मुलं बसतात. त्यातलं एक टाईप करतं, दोन पाहतात. पाहणारी दोन कोण असतात, हे मी मास्तर नसूनही सांगू शकतो.

तेव्हा मला असं सुचतं, की सेवा केंद्रांना आणि शाळांना लागणारे संगणक एकत्र खरेदी करावेत. एकेकटा माणूस दुकानात गेला तर तो चिल्लर गिऱ्हाईक, हजार माणसं एकत्र गेली तर कंपनीही उभी राहून बोलते. बचत गटांचे महासंघ हे करू शकतील. दुसरं म्हणजे, सरकारी कचेऱ्या आणि बँका जेव्हा जुने संगणक मोडीत काढतात, तेव्हा त्यांतल्या चांगल्या पट्ट्या भंगारात जाऊ नयेत. त्या तपासून शाळांना द्याव्यात. आणि तिसरं, सरकारी वेबसाइटी हलक्या करा. चार जीबीच्या संगणकावर जो अर्ज उघडत नाही, तो अर्ज गरिबासाठी नाहीच, असं समजावं. याला डॉलर लागत नाहीत.

घरगुती श्रोत्यांसाठीही दोन शब्द. दुकानदाराने मला जे सांगितलं, तेच सांगतो. जुना संगणक घाईने भंगारात देऊ नका. त्यात पट्टी डीडीआर-३ ची आहे, डीडीआर-४ ची आहे, की डीडीआर-५ ची, हे आधी पाहा. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. पट्टीसाठी दुसरी खाच रिकामी आहे का, ते पाहा. नुसतं इंटरनेट, अर्ज आणि युनिकोडमधलं मराठी टायपिंग करायचं असेल, तर लिनक्स नावाची फुकट प्रणाली जुन्या यंत्रावरही बरी चालते. मात्र डीटीपीवाल्यांनी जपून. त्यांचे श्री-लिपीसारखे जुने फाँट आणि पेजमेकर, कोरल ही सगळी विंडोजची मंडळी आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाव आणखी चढेल या भीतीने कर्ज काढून माल भरून ठेवू नका. १८६५ साल विसरू नका. भाव उतरतो, कर्ज उतरत नाही.

आता भाचीचं काय झालं, ते सांगून थांबतो. रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. बहिणीने जेवायला थांबवून घेतलं. जेवण झाल्यावर आम्ही केंद्रात गेलो. भाचीने पेचकस घेतला, यूट्यूबवर पाहिलेलं होतंच, आणि तिसऱ्या संगणकाची पट्टी काढून पहिल्यात बसवली. पहिला झाला आठ जीबीचा. त्याच्यावर डीटीपी आणि मोठे अर्ज. त्याला विंडोजची वर्षभराची मुदत घेतली. दुसऱ्यात लिनक्स घातलं, त्याच्यावर साधे अर्ज. तिसऱ्याचं झाकण पुन्हा लावून ठेवलं. तिने बचत गटाचं कर्ज परत केलं. मला तिचा अभिमान वाटला. पस्तिशीची पोरगी, पण हिशेब आजीसारखा पक्का.

आम्ही आवरत होतो, तेवढ्यात ती बी.कॉम. झालेली मुलगी आली. तिला वाटलं होतं नवा संगणक आला, म्हणून मामू आले. भाचीने तिला सांगितलं, की थोडं थांबावं लागेल, भाव खाली आले की घेऊ. मुलगी म्हणाली, ‘‘काही हरकत नाही, दीदी.’’ मग तिने विचारलं, ‘‘भाव कधी खाली येतील?’’

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, रेडिओवर बोलणारा माणूस. कोरिया, अमेरिका, चकत्या, कपाटं, लिव्हरपूल, सगळं माझ्या डोक्यात होतं. पण त्या मुलीला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी म्हटलं, ‘‘बेटा, मीही विचारत राहतो. तूही विचारत राहा.’’

तिसऱ्या टेबलापुढची खुर्ची तिथेच आहे. भाचीने ती उचलू दिली नाही. सध्या तिच्यावर झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे ठेवतात.